कोणत्याही ठिकाणचे, कोणत्याही तारखेचे दिनमान कसे काढावे

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या कालावधीला दिनमान म्हणतात. जूनमध्ये उत्तर गोलार्धात दिवस मोठा असतो आणि डिसेंबरमध्ये लहान, एवढे शाळेपासून प्रत्येकाला माहीत असते. पण अमुक अक्षांशावर अमुक तारखेला दिवस नेमका किती तासांचा असेल, असे विचारले की बहुतेक जण मोबाइल काढतात. त्यात गैर काही नाही. मात्र हा हिशेब साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत करता येतो आणि तो एकदा स्वतः केला की ऋतूंचे बरेचसे वर्तन आपोआप उलगडते, म्हणून तो हाताने करून पाहावा असा माझा आग्रह आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. ‘ध्रुवाकडे जावे तसा दिवस मोठा होतो’ हे विधान अपुरे आहे, आणि ‘उन्हाळ्यात दिवस मोठा असतो’ हेही अपुरेच आहे. सूर्य विषुववृत्ताच्या पातळीत असतो त्या दिवशी अक्षांश कोणताही असो, दिवस जवळपास बारा तासांचाच असतो. आणि विषुववृत्तावर उभे राहिले तर तारीख कोणतीही असो, दिवस जवळपास बारा तासांचाच राहतो. अक्षांश एकटा काही करत नाही आणि ऋतूही एकटा काही करत नाही. दोहोंचा गुणाकार दिवस वाढवतो किंवा घटवतो. पुढची सारी आकडेमोड या एका वाक्याचाच विस्तार आहे.

हे असे का घडते

पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या पातळीवर सरळ उभा नसून लंबापासून सुमारे २३.४४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर त्याची दिशा ताऱ्यांच्या संदर्भात जवळजवळ तीच राहते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकलेला असतो, तर डिसेंबरमध्ये दक्षिण ध्रुव. पृथ्वीचा अर्धा गोल नेहमी उजेडात असतो, यात कधीच बदल होत नाही. बदलते ती उजेड आणि अंधार यांमधली सीमारेषा कोणत्या अक्षवृत्ताला कुठे कापते ही गोष्ट. एखाद्या ठिकाणाचे अक्षवृत्त निम्म्याहून जास्त उजेडात पडले, तर पृथ्वीबरोबर चोवीस तासांत फिरताना ते ठिकाण निम्म्याहून जास्त वेळ उन्हात असते.

हीच गोष्ट जमिनीवरून पाहू. सूर्य आकाशात रोज एक वर्तुळ काढताना दिसतो आणि या वर्तुळाचा मध्य आकाशाच्या ध्रुव-अक्षावर, म्हणजे पृथ्वीचा अक्ष आकाशात वाढवला तर मिळणाऱ्या रेषेवर, असतो. खगोलाची, म्हणजे आपल्याभोवती कल्पिलेल्या आकाशगोलाची, त्रिज्या १ मानली, तर त्या रोजच्या वर्तुळाची त्रिज्या क्रांतीच्या (सूर्य विषुववृत्ताच्या पातळीपासून जितके अंश दूर असतो, त्या कोनाच्या) कोसाइनइतकी असते आणि त्याचा मध्य खगोलाच्या केंद्रापासून क्रांतीच्या साइनइतका सरकलेला असतो. क्षितिजाची पातळी ध्रुव-अक्षाशी अक्षांशाएवढा कोन करते, म्हणून ती सूर्याच्या वर्तुळाला त्याच्या मध्यातून न कापता मध्यापासून ‘क्रांतीचा साइन × अक्षांशाचा टॅन’ एवढ्या अंतरावर कापते. या अंतराला वर्तुळाच्या त्रिज्येने भागले की क्रांतीचा टॅन गुणिले अक्षांशाचा टॅन एवढेच शिल्लक राहते. हा भागाकार ज्या कोनाचा साइन आहे, त्या कोनाला भारतीय ज्योतिर्गणितात ‘चर’ म्हणतात. सूर्योदय सहा वाजताच्या रेषेपासून किती आधी किंवा किती नंतर होतो, हे चर सांगतो. तेवढाच बदल संध्याकाळीही होतो.

पहिली पायरी: अक्षांश घ्या आणि चिन्ह सांभाळा

कोणत्याही नकाशावर ठिकाणाचा अक्षांश मिळतो. उत्तर अक्षांश धन धरावा आणि दक्षिण अक्षांश ऋण. रेखांशाची या हिशेबात गरज नाही: माद्रिद, न्यूयॉर्क आणि बीजिंग ही तिन्ही शहरे चाळीस अंश उत्तरेच्या आसपास आहेत, म्हणून एकाच तारखेला तिघांचे दिनमान जवळजवळ सारखे भरते. घड्याळात सूर्योदय किती वाजता दिसतो ही बाब वेगळी आहे आणि तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

अक्षांश किती काटेकोर हवा, हे तुम्ही कुठे आहात यावर ठरते. अयनदिनाच्या (वर्षातल्या सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान दिवसाच्या, जून आणि डिसेंबरमधल्या) सुमारास २० अंशांवर अक्षांशात एका अंशाची, म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे १११ किलोमीटरची, चूक झाली तर दिनमान चार मिनिटांनी चुकते. तीच चूक ६० अंशांवर झाली तर दिनमान वीस मिनिटांहून जास्त चुकते. म्हणून उष्ण कटिबंधात पूर्णांकात अक्षांश घेतला तरी निभावते, पण उत्तर युरोपातल्या ठिकाणासाठी दशांश स्थळ लिहायलाच हवे.

दुसरी पायरी: त्या तारखेची क्रांती काढा

सूर्य विषुववृत्ताच्या पातळीपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला जितके अंश असतो, ती त्याची क्रांती होय. क्रांती १५ अंश उत्तर असेल, तर त्या दिवशी १५ अंश उत्तर अक्षांशावर सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो. वर्षभरात क्रांती +२३.४४ आणि −२३.४४ अंश यांच्यामध्ये हेलकावते. पुढील तारखांच्या क्रांती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. वर्षागणिक त्या एखाद्या दिवसाने पुढेमागे होतात.

२० मार्च: ०
२० एप्रिल: +११.५
२१ मे: +२०.१
२१ जून: +२३.४
२३ जुलै: +२०.१
२३ ऑगस्ट: +११.५
२३ सप्टेंबर: ०
२३ ऑक्टोबर: −११.५
२२ नोव्हेंबर: −२०.१
२१ डिसेंबर: −२३.४
२० जानेवारी: −२०.१
१९ फेब्रुवारी: −११.५

या यादीत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मार्चच्या विषुवदिनानंतरच्या (क्रांती शून्य असते त्या दिवसानंतरच्या) पहिल्या महिन्यात क्रांती साडेअकरा अंशांनी वाढते, दुसऱ्या महिन्यात साडेआठांहून थोडी जास्त, आणि तिसऱ्या महिन्यात केवळ सव्वातीन अंशांनी. म्हणजे दिवस झपाट्याने मोठा होतो तो मार्च-एप्रिलमध्ये. जूनमध्ये तो मोठा असतो, पण जवळजवळ थांबलेला असतो.

मधल्या तारखेसाठी एक सूत्र उपयोगी पडते. १ जानेवारीपासून मोजून ती तारीख वर्षातला कितवा दिवस आहे ते काढा, त्यात १० मिळवा, बेरजेला ०.९८६३ ने गुणा, आलेल्या अंशांचा कोसाइन काढा आणि त्याला −२३.४४ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे क्रांती. हे सूत्र पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार मानते, म्हणून अयनदिनांच्या आसपास ते चांगले चालते, पण विषुवदिनांच्या आगेमागे महिनाभर त्यात सुमारे एका अंशापर्यंत चूक येऊ शकते. त्या काळात वरच्या यादीतल्या दोन तारखांमधून त्रैराशिकाने क्रांती काढावी. उदाहरणार्थ, १० ऑक्टोबर ही तारीख २३ सप्टेंबरनंतर सतरा दिवसांनी येते. तीस दिवसांत साडेअकरा अंश, तर सतरा दिवसांत साडेसहा, म्हणून क्रांती −६.५. खरी क्रांती साधारण −६.७ असते, आणि सूत्राने मात्र −७.६ येते. एका अंशाच्या या चुकीचा परिणाम २० अंशांवर तीन मिनिटांचा असतो, तर ५० अंशांवर साडेनऊ मिनिटांचा.

तिसरी पायरी: चर काढा आणि बारा तासांत मिळवा

आता सूत्र असे:

साइन (चर) = टॅन (अक्षांश) × टॅन (क्रांती)

दिनमान = १२ तास + ८ मिनिटे × चर (अंशांत)

आठ मिनिटे कुठून आली, ते सांगतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. चराचा परिणाम सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा होतो, म्हणून चाराचे आठ झाले. अक्षांश आणि क्रांती दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण असतील, तर गुणाकार धन येतो आणि दिवस बारा तासांहून मोठा होतो. एक धन व दुसरी ऋण असेल, तर दिवस लहान होतो. दक्षिण गोलार्धाचे ऋतू उलटे का, याचे उत्तर या चिन्हात आपसूक मिळते. त्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

कॅल्क्युलेटर अंशांवर चालत आहे याची आधी खात्री करा. टॅन ४५ दाबल्यावर १ आले पाहिजे. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये कोन रेडियनमध्ये द्यावे लागतात, म्हणून तिथे अंशांना ०.०१७४५३ ने गुणून मगच टॅन काढावा आणि शेवटी मिळालेला चर पुन्हा अंशांत आणावा. या हिशेबात सर्वाधिक चुका इथेच होतात.

एक उदाहरण पूर्ण करू. ठिकाण लंडन, अक्षांश +५१.५, तारीख १० मे. हा वर्षातला १३० वा दिवस. १० मिळवून १४०, गुणिले ०.९८६३ म्हणजे १३८.१ अंश, त्याचा कोसाइन −०.७४४, त्याला −२३.४४ ने गुणून क्रांती +१७.४. टॅन ५१.५ = १.२५७ आणि टॅन १७.४ = ०.३१३, गुणाकार ०.३९४. ज्याचा साइन ०.३९४ आहे तो कोन २३.२ अंश, हा झाला चर. २३.२ × ८ = १८६ मिनिटे, म्हणजे ३ तास ६ मिनिटे. दिनमान १५ तास ६ मिनिटे.

दक्षिणेकडचे उदाहरण सिडनीचे घेऊ: अक्षांश −३३.९, तारीख १ ऑगस्ट, म्हणजे वर्षातला २१३ वा दिवस. सूत्राने क्रांती +१८.० येते. टॅन (−३३.९) = −०.६७२, टॅन १८ = ०.३२५, गुणाकार −०.२१८, चर −१२.६ अंश. त्याला ८ ने गुणले की −१०१ मिनिटे, म्हणून दिनमान १० तास १९ मिनिटे.

दोन्ही उत्तरे प्रत्यक्ष दिनमानापेक्षा काही मिनिटांनी कमी आहेत. हा फरक हिशेबातल्या चुकीचा नाही. सूर्योदय कशाला म्हणायचे या व्याख्येचा आहे, आणि तो भरून काढणे सोपे आहे.

चौथी पायरी: वातावरण आणि सूर्यबिंब यांची दुरुस्ती

आपण आतापर्यंत सूर्याला एक बिंदू मानले आणि वातावरण विसरलो. प्रत्यक्षात सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर आली की आपण सूर्य उगवला म्हणतो, आणि बिंबाची त्रिज्या सुमारे १६ कला भरते (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). शिवाय क्षितिजाजवळून येणारे किरण वातावरणात वाकतात आणि सूर्याला सुमारे ३४ कला वर उचलून दाखवतात. म्हणजे सूर्याचा खालचा काठ क्षितिजाला टेकलेला दिसतो, तेव्हा अख्खे बिंब भूमितीच्या हिशेबाने क्षितिजाखाली गेलेले असते. दोन्ही मिळून ५० कला, म्हणजे ०.८३ अंश. तेवढा उजेड सकाळी लवकर येतो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत राहतो.

दिनमानात मिळवायची एकूण मिनिटे अशी काढावीत: ६.७ ला अक्षांशाचा कोसाइन, क्रांतीचा कोसाइन आणि चराचा कोसाइन या तिघांच्या गुणाकाराने भागा. लंडनच्या उदाहरणात हा गुणाकार ०.५४६ येतो, म्हणून दुरुस्ती १२ मिनिटे, आणि दिनमान १५ तास १८ मिनिटे. खरे दिनमान याच्या दोनेक मिनिटांच्या आत असते. सिडनीसाठी दुरुस्ती ९ मिनिटे येते आणि दिनमान १० तास २८ मिनिटे.

या दुरुस्तीमुळे एक समज बदलावा लागतो. विषुवदिनी दिवस आणि रात्र अगदी समान असतात असे आपण म्हणतो, पण त्या दिवशी दिवसच थोडा मोठा असतो: विषुववृत्तावर सुमारे सात मिनिटांनी बारा तासांहून जास्त, तर ६० अंशांवर तेरा मिनिटांनी. दिवस नेमका बारा तासांचा होतो तो उत्तर गोलार्धात मार्चच्या विषुवदिनाच्या आधी: ४० अंशांवर तीन-चार दिवस आधी, २० अंशांवर सहा दिवस आधी. विषुववृत्तावर तर नेमका बारा तासांचा दिवस कधी येतच नाही. तिथे तो बाराही महिने १२ तास ७ मिनिटांच्या आसपास राहतो.

अक्षांशानुसार किती फरक पडतो

दुरुस्तीसह काढलेली, उत्तर गोलार्धातली जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांची दिनमाने खाली दिली आहेत. दक्षिण गोलार्धासाठी महिन्यांची अदलाबदल करावी.

२० अंश: १३ तास २० मिनिटे, १० तास ५५ मिनिटे
३० अंश: १४ तास ५ मिनिटे, १० तास १३ मिनिटे
४० अंश: १५ तास १ मिनिट; ९ तास २० मिनिटे
५० अंश: १६ तास २२ मिनिटे, ८ तास ४ मिनिटे
६० अंश: १८ तास ५२ मिनिटे, ५ तास ५२ मिनिटे

जूनच्या आकड्यांत २० पासून ३० पर्यंत पाऊण तासाची वाढ आहे, तर ५० पासून ६० पर्यंत अडीच तासांची. अंतर दहा अंशांचेच, परिणाम मात्र तिपटीहून जास्त. याचे कारण टॅन: तो सुरुवातीला सावकाश वाढतो आणि ९० अंशांकडे जाताना उसळी घेतो. विषुवदिनांच्या सुमारास क्रांती रोज सुमारे ०.४ अंशांनी बदलते, त्यामुळे दिवसाची रोजची वाढघट साधारणपणे ‘३.२ मिनिटे × टॅन (अक्षांश)’ इतकी असते: २० अंशांवर एक मिनिटाहून किंचित जास्त, ५० अंशांवर पावणेचार मिनिटे, ६० अंशांवर साडेपाच मिनिटे. म्हणजे ६० अंशांवर मार्चच्या एका आठवड्यात दिवस अर्ध्या तासाहून जास्त वाढतो. अयनदिनी हीच वाढ काही सेकंदांवर येते.

पाचवी पायरी: गुणाकार १ च्या पुढे गेला तर

साइनची किंमत १ पेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणून टॅन गुणिले टॅन हा गुणाकार १ पेक्षा मोठा आला, तर कॅल्क्युलेटर चूक दाखवतो. त्याने घाबरून जाऊ नये. या उत्तराचा अर्थ असा, की त्या दिवशी तिथे सूर्य मावळतच नाही. गुणाकार −१ पेक्षा खाली गेला, तर सूर्य उगवतच नाही. अक्षांश आणि क्रांती यांची बेरीज ९० अंशांच्या पुढे गेली की ही स्थिती येते, म्हणून तिची मर्यादा ९० उणे २३.४४, म्हणजे सुमारे ६६.५६ अंशांवर पडते. नकाशावरची ध्रुववृत्ते बरोबर इथे आहेत.

नॉर्वेतील ट्रॉम्सो हे शहर सुमारे ६९.६ अंश उत्तरेला आहे. तिथे उन्हाळ्यात दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही. या दोन काळांची लांबी सारखी का नाही? पुन्हा तेच ०.८३ अंश: ते उजेडाच्या बाजूने मिळतात आणि अंधाराच्या बाजूने वजा होतात. याच कारणाने मध्यरात्रीचा सूर्य ध्रुववृत्ताच्या पाऊण अंश अलीकडूनही दिसतो. ध्रुवावर तर वर्षात एकच सूर्योदय आणि एकच सूर्यास्त. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तेव्हा कक्षेत सावकाश चालते, म्हणून मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, तर उरलेल्या अर्ध्यात सुमारे १७९. उत्तर ध्रुवाच्या वाट्याला त्यामुळे दक्षिण ध्रुवापेक्षा सुमारे आठवडाभर जास्त ऊन येते.

संधिप्रकाश वेगळा मोजा

सूर्यास्तानंतर लगेच अंधार होत नाही, म्हणून हिशेब कशासाठी हवा आहे हे आधी ठरवावे. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या उजेडाला नागरी संधिप्रकाश म्हणतात, आणि तोवर बाहेरची कामे दिव्याशिवाय होऊ शकतात. १२ अंशांपर्यंत नाविक आणि १८ अंशांपर्यंत खगोलीय संधिप्रकाश धरतात. विषुववृत्तावर सूर्य क्षितिजाला जवळजवळ काटकोनात छेदून उतरतो, त्यामुळे तिथे नागरी संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत संपतो. उच्च अक्षांशांवर सूर्य तिरपा घसरत जातो आणि संधिप्रकाश रेंगाळतो. ४८.५६ अंशांच्या पलीकडे जूनच्या अयनदिनी सूर्य १८ अंश खाली जातच नाही, म्हणून लंडनच्या अक्षांशावर मेच्या अखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुर्बिणीला हवा तसा पूर्ण अंधार मिळत नाही. सेंट पीटर्सबर्ग जवळजवळ ६० अंशांवर आहे. तिथल्या जूनमधल्या प्रसिद्ध पांढऱ्या रात्री म्हणजे सूर्य मध्यरात्री क्षितिजाखाली जेमतेम साडेसहा अंश उतरल्याचा परिणाम.

वनस्पतींसाठी हा भेद महत्त्वाचा ठरतो. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले, की तंबाखूच्या एका वाणाला फुले केव्हा येणार हे दिवसाच्या लांबीवर ठरते. पुढे कळले, की रोप खरे तर अखंड अंधाराचे तास मोजते. म्हणून फुलोऱ्याचा अंदाज बांधताना संधिप्रकाश विचारात घ्यावा लागतो, तर सौरपॅनलसाठी तो सोडून दिला तरी चालतो.

कॅल्क्युलेटरशिवाय: बारा अंगुळांचा शंकू

मला या विषयात सर्वांत सुंदर वाटते ती ही जुनी रीत. सपाट जमिनीवर बारा समान भागांची (अंगुळांची) सरळ काठी, म्हणजेच शंकू, उभी करा आणि विषुवदिनी मध्यान्ही तिची सावली त्याच भागांत मोजा. या सावलीला पलभा म्हणतात. त्या दिवशी क्रांती शून्य असल्यामुळे पलभा म्हणजे अक्षांशाचा टॅन गुणिले १२, म्हणजे आपल्या सूत्राचा अर्धा भाग जमिनीवर तयार उमटलेला असतो. पलभेला १०, ८ आणि १०/३ ने गुणले की तीन चरखंडे पळांत मिळतात. एक पळ म्हणजे २४ सेकंद. विषुवदिनानंतर पहिल्या महिन्याच्या शेवटी चर पहिल्या खंडाएवढा असतो, दुसऱ्याच्या शेवटी पहिल्या दोन खंडांच्या बेरजेएवढा, आणि अयनदिनी तिन्हींच्या बेरजेएवढा.

२० अंशांवर पलभा ४.३७ येते. तिन्ही खंडांची बेरीज ९३ पळे, म्हणजे सुमारे ३७ मिनिटे. सकाळ-संध्याकाळ मिळून ७४ ते ७५ मिनिटे. त्रिकोणमितीने हाच आकडा ७२.६ येतो. दोन मिनिटांचा हा फरक मुख्यतः जुन्या गणितात परमक्रांती, म्हणजे क्रांतीची सर्वांत मोठी किंमत, २४ अंश धरल्यामुळे पडतो. साइन किंवा टॅनचा तक्ता हाताशी नसताना, एका काठीच्या सावलीवरून, वर्षभराचे दिनमान इतके जवळ आणता येते. ही रीत ४० अंशांपर्यंत उत्तम चालते. त्यापुढे मात्र चर गुणाकाराच्या प्रमाणात वाढत नाही, अधिक वेगाने वाढतो, त्यामुळे ६० अंशांवर ती अयनदिनी चर पाव तासाहून जास्त कमी दाखवते.

घड्याळाच्या वेळेवर जाताना

दिनमानाचे दोन समान भाग करून स्थानिक मध्यान्हाच्या अलीकडे आणि पलीकडे ठेवले की सूर्योदय व सूर्यास्त मिळतात. मात्र स्थानिक मध्यान्ह घड्याळात बारालाच येत नाही. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पश्चिमेला दर अंशामागे ते चार मिनिटे उशिरा येते, आणि शिवाय पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि अक्षाचा कल यांमुळे वर्षभर ते काही मिनिटे पुढेमागे सरकत राहते. डिसेंबरच्या उत्तरार्धात हे मध्यान्ह रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने उशिरा होत जाते. अयनदिनाजवळ दिनमान जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे हे सरकणे वरचढ ठरते: ४० अंश उत्तरेला सर्वांत लवकर सूर्यास्त ७-८ डिसेंबरच्या सुमारास होतो आणि सर्वांत उशिरा सूर्योदय ४-५ जानेवारीच्या सुमारास, जरी सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा असला. म्हणून एकट्या सूर्यास्तावरून दिवस वाढू लागला की नाही हे ठरवू नये. उदय आणि अस्त दोन्ही टिपून वजाबाकी करावी.

आपले उत्तर पडताळताना

मोकळे क्षितिज असलेली जागा निवडा आणि एकाच दिवशी सूर्यबिंबाची वरची कड दिसू लागण्याची आणि नाहीशी होण्याची वेळ टिपा. हिशेब आणि निरीक्षण यांत तीन-चार मिनिटांहून जास्त फरक आला, तर कारणे या क्रमाने तपासा: आधी चिन्ह, मग कॅल्क्युलेटरचे अंश-रेडियन, मग तारखेचा वर्षातला क्रमांक, आणि तारीख विषुवदिनाजवळची असेल तर क्रांती सूत्राने काढली की यादीने. हे सर्व बरोबर असूनही निरीक्षणाचा दिवस लहान आला, तर क्षितिजावर टेकडी, इमारत किंवा झाडी आड येत असते. आणि तो मोठा आला, तर तुम्ही बहुधा उंचावर उभे आहात: समुद्रकाठच्या हजार मीटर उंच डोंगरावरून क्षितिज जवळपास एका अंशाने खाली दिसते, आणि त्यामुळे विषुववृत्ताजवळसुद्धा सूर्योदय आणि सूर्यास्त या दोन्ही टोकांना सुमारे पावणेचार मिनिटांचे ऊन वाढते.